पाणी दोनदा आलं

वाळूजला बत्तीस वर्षं कंपोनंट तपासण्यात घालवलेल्या माणसाला भाचीने "मामा, मीसुद्धा कंपोनंटच बनवते" असं सांगितलं, तर त्याला भरून येणारच. मलाही आलं. घराण्यात कुणीतरी आपली गादी चालवतंय असं वाटून मी विचारलं, "कसले? क्लचचे की ब्रेकचे?"

"बटणांचे."

"इंडिकेटरच्या?"

"नुसत्या बटणांचे, मामा. वेबसाइटवरच्या."

भाची पुण्याला हिंजवडीत असते, त्यामुळे तिचा दोष नाही. पण आमच्या संभाजीनगरात कंपोनंट म्हटला की तो हातात घेता येतो, त्याला तेल लागलेलं असतं आणि तो पायावर पडला तर महिनाभर नख काळं राहतं. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली. इथल्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीत दहा माणसं धरा, त्यांतली तीन तरी कुठल्यातरी गाडीचा कुठलातरी तुकडा करत असतात. अख्खी गाडी त्यांनी केलेली नसते. माझ्या वाट्याला एक बुश आला होता. तो बुश गाडीत नेमका कुठे बसतो, हे मला नोकरीच्या नवव्या वर्षी माझीच गाडी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने दाखवलं.

तर भाचीने समजावून सांगितलं. पान अख्खं एकदम लिहायचं नाही, तुकडे करायचे. बटण वेगळं, यादी वेगळी, वरची पट्टी वेगळी. एकदा नीट बनवलं की पाहिजे तिथे, पाहिजे तितक्या वेळा बसवायचं. यासाठी रिअ‍ॅक्ट नावाची चीज आहे. फेसबुकमधल्या जॉर्डन वॉक नावाच्या गृहस्थाने ती केली, २०११ मध्ये त्यांच्या न्यूज फीडवर चालवून बघितली आणि २०१३ मध्ये सगळ्या जगाला फुकट दिली.

"म्हणजे सुट्या भागांतून वस्तू जोडावी, हे त्यांना २०११ मध्ये सुचलं?" मी जरा छाती काढूनच विचारलं.

"तसं नाही मामा..."

"पंधरा दिवसांत शिकून दाखवतो."

मी २०२५च्या फेब्रुवारीत निवृत्त झालो होतो. निवृत्त माणूस असं काहीही बोलतो. घरच्यांनी फक्त तेवढ्यापुरतं गप्प बसायचं असतं, पण भाची म्हणाली, "करा की! पण काहीतरी खरं काम घ्या हातात. नुसतं शिकून येत नाही."

खरं काम आमच्या सोसायटीत एकच आहे. पाणी. पैठणला नाथसागर भरलेला असो की आटलेला, आमच्या नळाला पाणी कधी पाचव्या दिवशी येतं, कधी आठव्या, आणि बहुधा रात्री. लाइनमन कधी चावी फिरवतो ते त्याचं त्याला ठाऊक. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर अखंड नामस्मरण चालू असतं. "पाणी आलं का?" "कुणाला काही कळलं का?" "वरच्या गल्लीत आलं म्हणतात." "कोण म्हणतं?" "मीच विचारतोय." मी ठरवलं, वॉचमनच्या केबिनमध्ये आपला जुना लॅपटॉप ठेवायचा. स्क्रीनवर पाणी आलं की नाही ते मोठ्या अक्षरांत दिसेल, खाली एक बटण असेल, आणि पाणी केव्हा केव्हा आलं त्याची यादी असेल. जमलं तर मेंटेनन्सची बाकीही तिथेच. चेअरमनसाहेबांनी परवानगी दिली. फुकट आहे म्हटल्यावर कमिटीनेही दिली.

यूट्यूबवर एक व्हिडिओ लावला. त्यातला मुलगा म्हणाला, क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप टाका. टाकलं. मी एक पान मागितलं होतं, उतरली हजारावर पॅकेजं. एक खिळा मागवावा आणि दारात सुताराचं अख्खं खानदान उतरावं, तसं. शिवाय वरती एक सूचना झळकली की, हे साधन आता सेवेतून काढलं आहे. चौकशी केली तर तेही २०२५च्या फेब्रुवारीतच निवृत्त झालेलं निघालं. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. दोघांनीही त्याच महिन्यात काम सोडलं आणि दोघंही अजून कुणाच्यातरी घरात लुडबुड करत होते. मी तेच वापरलं.

पहिले चार दिवस ज्या भाषेत हे लिहितात ती समजून घेण्यात गेले. जावास्क्रिप्ट. १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. आमच्याकडे दहा दिवसांत ड्रॉइंगवर सही होत नसे, त्यामुळे आधी मला फार कौतुक वाटलं. चौथ्या दिवशी, अकरावा दिवस घेतला असता तर बरं झालं असतं, असं वाटायला लागलं.

पहिला कंपोनंट बनवला तो नळाचा. पडद्यावर काही दिसेना. फोन लावला.

"नाव काय दिलंय?"

"नळ."

"पहिलं अक्षर कॅपिटल?"

"नाही."

"मग रिअ‍ॅक्ट त्याला तुमचा कंपोनंट समजतच नाही. लहान अक्षर म्हणजे ब्राउझरचा घरचा टॅग. मोठं अक्षर म्हणजे आपण बनवलेला."

आमच्या देवनागरीत लहान लिपी-मोठी लिपी असली भानगड नाही. ज्ञ असो की ग, दोघंही एकाच रेषेला लटकतात. इंग्रजीत मात्र नळालासुद्धा मान द्यावा लागतो. दिला. तर आता म्हणतो, एका कंपोनंटमधून दोन गोष्टी शेजारीशेजारी परत पाठवता येणार नाहीत, त्या कशाततरी गुंडाळा. गुंडाळायला काहीच नसेल तर एक रिकामा टॅग असतो. त्याला नाव नाही, काम नाही, पानावर तो दिसतही नाही, पण त्याच्याशिवाय घर एकत्र राहत नाही. हा टॅग मला समजावून सांगावा लागला नाही. घरात मी तेच काम करतो.

मग आले प्रॉप्स. प्रॉप्स म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेली माहिती. साचा तोच, माहिती वेगळी. मला आमच्या लग्नाची पत्रिका आठवली. १९९४. छापखान्यात गणपती, श्री प्रसन्न, आणि आपले विनीत हे सगळं जुळवून तयारच असायचं. मधल्या रिकाम्या जागी फक्त चि., चि. सौ. कां., तिथी आणि कार्यालय भरायचं. आमच्या वेळी भरणाऱ्याने नावं आमची घातली आणि कार्यालय आधीच्या गिऱ्हाइकाचं तसंच ठेवलं. माझ्या बाजूची निम्मी मंडळी दुसऱ्याच लग्नाला जाऊन जेवून आली. आमच्या एका काकांनी तिथे आहेरही करून टाकला आणि पुढची कित्येक वर्षं, मुलगी मात्र चांगली होती, असं सांगत राहिले. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "एकदम बरोबर मामा, कंपोनंट ठीक होता, प्रॉप चुकला." एकतीस वर्षांनी मला त्या प्रकाराचं शास्त्रीय नाव कळलं.

प्रॉप्स खालच्याने बदलायचे नसतात, हाही एक नियम. वरून जे आलं ते वापरायचं. स्वतःचं म्हणून जे काही बदलत असतं त्याला स्टेट म्हणतात. टाकीत पाणी आहे की नाही, हे स्टेट. मी उत्साहाने नळाला एक स्टेट दिलं आणि टाकीला दुसरं. दोन दिवसांत नळ म्हणे पाणी आलं, टाकी म्हणे नाही आलं.

"मामा, खरं काय ते एकाच ठिकाणी ठेवायचं. दोघांच्याही वर जो आहे त्याच्याकडे. मग दोघं त्यालाच विचारतील."

"वर कोण आहे?"

"तुमच्या घरात? मामी."

हे अगदी खरं होतं. हिला नळ फुरफुरायच्या आधीच कळतं. नळीतून हवा सूं करत निघाली की ही झोपेतून उठते. मी तपासणी खात्यातला माणूस, वीस मायक्रॉनचा फरक मला कळतो, पण तो आवाज मला आजवर ऐकू आलेला नाही.

पंधरा दिवसांची मुदत संपायला दोन दिवस होते. मी रात्री जागून सगळं एका दमात लिहून काढलं आणि भाचीला पाठवलं. एकच फाइल, अकराशे ओळी.

"मामा," ती बराच वेळ थांबून म्हणाली, "हे तुम्ही वेरूळचं कैलास लेणं कोरलंय."

मी संकोचलो. आठव्या शतकातलं काम ते, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं. अख्खं देऊळ एकाच खडकातून कळसापासून खाली कोरत आणलेलं, बाहेरून आणून जोडलेलं काही नाही. एवढी मोठी उपमा भाचीने द्यावी!

"नाही गं, इतकंही काही..."

"म्हणजे एक टवका उडाला तर परत बसवता येणार नाही. आणि मामा, ते कारागीर चुकत नव्हते."

मग मी तुकडे करायला बसलो. बत्तीस वर्षं सुट्या भागांत काढलेला माणूस तुकडे करायला बसला की थांबत नाही. बटणाचा एक कंपोनंट, बटणावरच्या अक्षरांचा एक, त्या अक्षरांभोवतीच्या चौकटीचा एक. 'पाणी' हा शब्द एका फाइलमध्ये आणि 'आलं' दुसऱ्या. सगळे मोजले तर बावन्न भरले. आमच्या शहराला बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात, त्यामुळे मला तो शुभशकुन वाटला. पण आता असं व्हायला लागलं की 'पाणी आलं' हा निरोप वरून निघायचा आणि वाटेतला प्रत्येक कंपोनंट तो पुढच्याच्या हातात द्यायचा. म्हणजे भडकल दरवाज्यातून दिल्ली दरवाज्याला सांगावा धाडायचा आणि मधल्या प्रत्येक वेशीवरच्या शिपायाने तो घेऊन पुढे द्यायचा. त्यांतल्या एकालाही पाण्याशी कर्तव्य नाही. एखादा शिपाई निरोप पुढे द्यायला विसरला, म्हणजे मीच लिहायला विसरलो, की दिल्ली दरवाजा तहानलेला. यालाही त्यांच्यात नाव आहे, प्रॉप ड्रिलिंग. मलिक अंबरने १६१२ मध्ये भडकल दरवाजा बांधला तेव्हा त्याच्याही डोक्याला हाच ताप असणार.

त्यातच मला एका कंपोनंटचं नाव आवडेना म्हणून मी ते बदललं. एका जागी बदललं, बाकीच्या सव्वीस जागी जुनंच राहिलं. आमच्या गावाला नावबदलाचा अनुभव मोठा आहे. खडकी झाली, फतेहनगर झालं, औरंगाबाद झालं, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. तरी रिक्षावाल्याला काहीही म्हणा, तो स्टेशनवर बरोबर नेतो. ब्राउझर नेत नाही. पडदा पांढराफटक पडला.

हा पांढरा पडदा काय असतो ते सांगायला हवं, कारण त्यापुढे मी तीन दिवस बसलो. एखाद्या कंपोनंटमध्ये चूक झाली आणि ती मध्ये कुणी अडवली नाही, तर रिअ‍ॅक्ट अख्खं पानच काढून घेतो. २०१७ पासून त्यांनी मुद्दामच असं केलंय म्हणे, चुकीचं दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवलेलं बरं. आमच्याकडे खराब जॉब निघाला की तो लाल बिनमध्ये जायचा. एक बुश रिजेक्ट झाला म्हणून जालना रोडवर चालत्या माणसाखालची मोटारसायकल नाहीशी झाली, असं कधी घडलं नाही.

"काय करताय केव्हाचे?" हिने विचारलं.

"काही दिसत नाही. सगळं पांढरं."

"मोतीबिंदू असेल. दाखवून या."

शेवटी भाचीने फोनवरून बावन्नाचे सात करून दिले आणि पान उभं राहिलं. वॉचमनच्या केबिनमध्ये लॅपटॉप बसला. चेअरमनसाहेबांनी नारळ फोडला. शेजारच्या विंगमधली मंडळी बघून गेली. वॉचमन कन्नड तालुक्यातला, त्याने लॅपटॉपला आधी हार घातला आणि मग विचारलं, "साहेब, हे काय काय करू राहिलं?" मी त्याला बटण दाखवलं. पाणी आलं की दाबायचं, बाकी त्याने कशाला हात लावायचा नाही.

पहिला बखेडा पाण्याचा झालाच नाही, मेंटेनन्सचा झाला. रिअ‍ॅक्ट म्हणतो की यादीतल्या प्रत्येकाला वेगळी ओळख पाहिजे, तिला की म्हणतात. आमच्याकडे पाटील तीन आहेत, म्हणून आडनाव चालेना. फ्लॅट नंबर द्यायला हवा होता, हे मला आता कळतंय. तेव्हा मी सोपा मार्ग काढला, रांगेत पहिला तो शून्य, दुसरा तो एक, तिसरा तो दोन. सूचना येत होती ती गेली, म्हणून मी खूश. पहिल्या क्रमांकावर ए-१ वाले होते, त्यांची आठ महिन्यांची बाकी. नावापुढे लाल खूण. ते फ्लॅट विकून गेले, मी त्यांचं नाव यादीतून काढलं. रिअ‍ॅक्टच्या दृष्टीने शून्य नंबरचा माणूस तिथेच होता, फक्त त्याचं नाव बदललं होतं. त्यामुळे लाल खूणही जागच्या जागी राहिली आणि एक घर वर सरकून त्या खुणेसमोर येऊन बसले ते चेअरमनसाहेब.

संध्याकाळी साडेसहाला, सगळी सोसायटी दूध घ्यायला खाली असते तेव्हा, केबिनमधल्या स्क्रीनवर चेअरमनसाहेबांची आठ महिन्यांची बाकी झळकत होती. त्यांनी मला वर बोलावलं. पाणी विचारलं नाही. मी त्यांना इंडेक्स, म्हणजे रांगेतला नंबर, आणि की यांतला फरक समजावून सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे बाकी खुर्चीची असते, माणसाची नसते?" मी म्हटलं, "हो, तसंच समजा." हे म्हणायला नको होतं. चेअरमनची खुर्ची त्यांनी सहा वर्षं सोडलेली नव्हती.

मेंटेनन्स काढून टाकला. उरली पाण्याची यादी. तिथे वेगळाच घोळ. बटण दाबलं की यादीत नवी ओळ पडायला हवी, पडेना. भाची म्हणाली, "तुम्ही जुन्याच यादीत घालताय ना? रिअ‍ॅक्ट डबा उघडून बघत नाही मामा. डबा तोच दिसला की आत काही बदललं नाही असं धरतो. नवा डबा द्या." यात न समजण्यासारखं काही नव्हतं. हिच्या डाळीच्या डब्यांनी मला आयुष्यभर असंच फसवलं आहे. मी जुन्या डब्यात नवी ओळ टाकली, मग तो सगळा नव्या डब्यात ओतला आणि नवा डबा पुढे केला. ओळ पडली. त्या आनंदात बाकी काही बघितलं नाही.

आणि मंगळवारी रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी पाणी आलं.

ही उठली. मोटार लागली. शेजारच्या मोटारी लागल्या. पिंपं, बादल्या, कुकरसुद्धा भरले. वॉचमनने इमानेइतबारे बटण दाबलं. चाळीसेक मिनिटं पाणी होतं आणि मग गेलं. सकाळी दूध घ्यायला खाली उतरलो तर केबिनसमोर गर्दी. स्क्रीनवर लिहिलं होतं: पाणी आलं, २:४०. आणि त्याच्याखाली पुन्हा: पाणी आलं, २:४०.

"मी एकदाच दाबलं साहेब," वॉचमन शपथेवर सांगत होता. "देवाशप्पथ, एकदाच."

घरी येऊन भाचीला गाठलं. ती आधी हसली. रिअ‍ॅक्टमध्ये काम चालू असताना, म्हणजे शिकाऊ आवृत्तीत, एक कडक शिस्तीची सोय असते, तिला स्ट्रिक्ट मोड म्हणतात. तुम्ही लिहिलेलं तो मुद्दाम दोनदा चालवून बघतो. काम स्वच्छ असेल तर दोनदा चालवूनही उत्तर तेच येतं. घाण असेल तर उघडी पडते. मी जुन्या डब्यात हात घातला होता, म्हणून दोनदा चालवल्यावर त्यात दोन ओळी पडल्या. शेवटची पक्की आवृत्ती बनवली असती तर हे दोनदा चालवणं झालंच नसतं, पण मी केबिनमध्ये शिकाऊच लावून ठेवली होती. मी ऐकून गप्प बसलो. मोजलेला जॉब परत मोजला म्हणून लेथवरची पोरं माझ्यावर चिडायची. त्यांच्यातल्या कुणीतरी शाप दिला असणार.

दुरुस्ती दोन ओळींची होती. ती करून मी खाली गेलो. तोवर उशीर झाला होता. बी-७ च्या काकू गर्दीच्या मध्यभागी उभ्या होत्या.

"आमच्याकडे एकदाच आलं," त्या म्हणत होत्या. "मी स्वतः जागी होते. एकदाच आलं."

"आमच्याकडेही एकदाच," सी विंगवाले म्हणाले.

"मग दुसरं कुठे गेलं?"

मी स्ट्रिक्ट मोड समजावून सांगायचा प्रयत्न केला. मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं. नंतर तिन्ही पाटलांपैकी मधले म्हणाले, "ते सगळं खरं हो. पण तुमच्या वरच्या टाकीतून सकाळी पाणी वाहत होतं, ते आम्ही बघितलंय."

परवा रविवारी विशेष सभा झाली. इतिवृत्ताच्या वहीत विषय क्रमांक एक असा लिहिला आहे: दुसऱ्यांदा आलेल्या पाण्याची चौकशी. त्यासाठी तीन जणांची समिती नेमली आहे. कॉम्प्युटरचं आपल्याला काही कळत नाही, असं बाकीचे दोघे म्हणाल्यामुळे अध्यक्ष मी आहे.